एका स्पेसची किंमत

आधीच सांगून टाकते, माझं मराठी कॉन्व्हेंटचं आहे. दहावीपर्यंत विरामचिन्हं मी फक्त इंग्रजीच्या तासाला शिकले. आमच्या सिस्टर एका चुकलेल्या कॉमाला अर्धा मार्क कापायच्या. तेव्हा वाटायचं, एवढ्याशा टिंबासाठी एवढं काय! टी.ई.ला आल्यावर कळलं, की सिस्टरपेक्षा कडक कोणीतरी जगात आहे आणि ते आमच्या इन्स्ट्रुमेंटेशन लॅबच्या कोपऱ्यातल्या टेबलावर बसलेलं असतं. त्याचं नाव प्रोग्रामेबल पॉवर सप्लाय. माझी एक स्पेस राहिली तर त्यानं मार्क कापला नाही. एक मायक्रोकंट्रोलर, एक एलसीडी आणि माझ्या रूम पार्टनरची तीन आठवड्यांची मेहनत कापली.

ती गोष्ट पुढे सांगतेच. पण ती समजायला आधी या उपकरणांची भाषा समजायला हवी. ई अँड टीसी सोडून बाकीच्या ब्रँचवाल्यांनी पान उलटू नये. तुम्हालाही एखाद्या प्रोजेक्टला मल्टिमीटर कॉम्प्युटरला जोडायची वेळ येणारच आहे.

रस्ता, व्याकरण आणि शब्दकोश

उपकरणाला हात न लावता, कॉम्प्युटरवरून कमांड पाठवून काम करून घ्यायचं ही कल्पना जुनी आहे. ह्युलेट-पॅकार्ड कंपनीनं १९६० च्या दशकाच्या अखेरीस आपली उपकरणं एकमेकांना जोडायला एक बस तयार केली. १९७५ मध्ये तिचं आयट्रिपलई ४८८ हे स्टँडर्ड झालं. आपण तिला जीपीआयबी म्हणतो. चोवीस पिनांचा तो जाडजूड कनेक्टर अजूनही जुन्या उपकरणांच्या पाठीवर दिसतो. एका बसवर कंट्रोलर धरून पंधरा उपकरणं बसतात.

पण ४८८ ने फक्त रस्ता बांधला. कुठली तार कशासाठी आणि बाइट कसा पोचवायचा, एवढंच ठरलं. त्या रस्त्यावरून काय बोलायचं हे ज्यानं त्यानं आपलं ठरवलं. एका कंपनीचा मल्टिमीटर एका अक्षरावर रीडिंग द्यायचा, दुसरीच्याला त्याच कामासाठी वेगळाच मंत्र लागायचा. मीटर बदलला की प्रोग्राम पहिल्यापासून लिहा.

मग १९८७ मध्ये आयट्रिपलई ४८८.२ आलं आणि व्याकरण ठरलं. वाक्य कसं संपवायचं, आकडा कसा लिहायचा, प्रश्न कसा विचारायचा हे नक्की झालं, शिवाय सगळ्यांना सक्तीच्या अशा तेरा सामायिक कमांड्सही ठरल्या. शेवटी १९९० मध्ये त्या व्याकरणावर शब्दकोश आला. त्याचं नाव स्टँडर्ड कमांड्स फॉर प्रोग्रामेबल इन्स्ट्रुमेंट्स, लाडानं 'स्किपी'. आता जीपीआयबीची केबल नसली तरी चालतं. यूएसबी असो, सीरियल पोर्ट असो की लॅन, आतून जाणारी भाषा बहुतेक वेळा स्किपीच असते.

(या विभागात सगळं देवनागरीत छापायचं असा संपादक मंडळाचा हुकूम आहे, म्हणून कमांड्सही मी देवनागरीत लिहिल्या आहेत. उपकरणाला मात्र त्या रोमन लिपीतच द्या. ते कॉन्व्हेंटमध्येसुद्धा गेलेलं नाही, त्याला मराठी अजिबात येत नाही.)

कोलन म्हणजे जिना

स्किपीमधल्या कमांड्स झाडासारख्या रचलेल्या असतात. खोड, फांदी, डहाळी. मी ते आपल्या होस्टेलवरून लक्षात ठेवते. समजा वॉचमनकाकांना निरोप द्यायचाय:

:होस्टेल:दुसरामजला:खोली१४ उठवा

प्रत्येक कोलन म्हणजे एक पायरी आत जाणं. पॉवर सप्लायला ५ व्होल्ट सेट करायला सांगायचं तर तसंच:

:सोर्स:व्होल्टेज:लेव्हल ५

सोर्स या विभागात जा, त्यात व्होल्टेजमध्ये जा, त्याची लेव्हल पाच कर. इथे दोन गोष्टी बघा. पत्त्याच्या मध्ये कुठेही स्पेस नाही. आणि पत्ता संपून आकडा सुरू होतो तिथे स्पेस आहे, ती असायलाच हवी. पत्त्याला हेडर म्हणतात आणि आकड्याला पॅरामीटर. दोघांच्या मधली भिंत म्हणजे ती स्पेस. एकापेक्षा जास्त पॅरामीटर असले तर त्यांच्यामध्ये कॉमा.

सेमीकोलन म्हणजे त्याच मजल्यावर थांबणं

एका ओळीत दोन कमांड्स द्यायच्या असतील तर मध्ये सेमीकोलन येतो. इथेच सगळ्यात जास्त लोक पडतात. वॉचमनकाका खोली १४ उठवून आलेत. आता 'आणि खोली १५' म्हटलं तर ते परत गेटपासून सुरुवात करतात का? नाही. ते दुसऱ्याच मजल्यावर उभे आहेत, शेजारचं दार वाजवतात. उपकरणही तसंच वागतं:

:सोर्स:व्होल्टेज:लेव्हल ५;प्रोटेक्शन ६

शेवटच्या कोलनपर्यंतचा पत्ता त्याच्या लक्षात असतो. म्हणून 'प्रोटेक्शन ६' हे ते 'सोर्स:व्होल्टेज:प्रोटेक्शन ६' असं वाचतं. टायपिंग वाचलं. पण पुढे सहज म्हणून ';आउटपुट ऑन' लिहिलंत तर ते आउटपुटला व्होल्टेजच्याच मजल्यावर शोधायला लागतं. तिथे अशी खोली नाही. आउटपुटची बिल्डिंगच वेगळी. अशा वेळी आधी गेटवर परत यावं लागतं आणि गेटवर परत या म्हणजे सुरुवातीचा कोलन:

:सोर्स:व्होल्टेज:लेव्हल ५;:आउटपुट ऑन

सेमीकोलनला चिकटून आलेला तो कोलन छपाईची चूक नाही.

चांदणीवाल्या कमांड्स

४८८.२ च्या सामायिक कमांड्स तीन अक्षरी असतात आणि त्यांच्या आधी चांदणी असते. '*आयडीएन?' म्हणजे तू कोण? उत्तरात चार गोष्टी येतात, कंपनी, मॉडेल, सीरियल नंबर आणि फर्मवेअरची आवृत्ती. '*आरएसटी' म्हणजे मूळ स्थितीत ये. '*सीएलएस' म्हणजे जुन्या नोंदी पूस. '*ओपीसी?' म्हणजे सांगितलेलं सगळं झालं का? झालं की उत्तर येतं, १. या कमांड्स रेक्टर मॅडमच्या शिट्टीसारख्या आहेत. कुठल्याही मजल्यावर असा, ऐकू येते आणि त्यामुळे तुमचा मजला बदलत नाही.

पूर्ण नाव किंवा हाक मारायचं नाव

मॅन्युअलमध्ये कमांडची काही अक्षरं मोठ्या लिपीत आणि काही लहान लिपीत छापलेली असतात. मोठी अक्षरं म्हणजे शॉर्ट फॉर्म, सगळं मिळून लाँग फॉर्म. टाइप करताना मोठं-लहान काहीही चालतं. शॉर्ट फॉर्मचा नियम सोपा आहे. पहिली चार अक्षरं घ्यायची. शब्द चारपेक्षा मोठा असेल आणि चौथं अक्षर स्वर असेल तर ते सोडून तीनच घ्यायची. म्हणून व्होल्टेजचं व्ही-ओ-एल-टी, पण पॉवरचं चौथं अक्षर ई, म्हणून पी-ओ-डब्ल्यू. मधलं काही चालत नाही. मला घरी एका नावानं आणि हजेरीला दुसऱ्या नावानं हाक मारतात, दोन्हीला मी ओ देते. पण कोणी अर्धवट तोडून तिसरंच नाव केलं तर वळून बघणार नाही. उपकरणही बघत नाही.

मॅन्युअलमध्ये चौकोनी कंसही दिसतील. त्यांचा अर्थ, हा शब्द गाळला तरी चालेल. म्हणजे 'सोर्स' आणि 'लेव्हल' गाळून नुसतं 'व्होल्ट ५' म्हटलं तरी बहुतेक पॉवर सप्लायना कळतं. कंस स्वतः टाइप करायचे नसतात. आमच्या बॅचमध्ये दोघांनी केले होते, त्यातली एक मी.

मिली आणि मेगाचा घोळ

लहान-मोठी लिपी सारखीच, म्हणजे 'एम' हे मिली की मेगा? फिजिक्समध्ये लहान एम मिली आणि मोठा एम मेगा, पण इथे तो फरकच उरला नाही. म्हणून नियम केला, की 'एम' म्हणजे मिली आणि 'एमए' म्हणजे मेगा. एमव्ही म्हणजे मिलिव्होल्ट. पण याला दोन अपवाद आहेत. एमएचझेड म्हणजे मेगाहर्ट्झच आणि एमओएचएम म्हणजे मेगओहमच. व्हायव्हाला विचारण्यासारखा प्रश्न आहे, सर, आपण वाचत असाल तर कृपया माझ्या बॅचनंतर विचारा.

आकड्यांबाबत मात्र उपकरण उदार आहे. ५, ५.०, ०.५ई१ सगळं त्याला सारखंच. आकड्याच्या जागी 'मिनिमम', 'मॅक्सिमम' हे शब्दही बऱ्याच ठिकाणी चालतात. ऑनच्या जागी १ चालतो. पण ते स्वतः बोलताना काटेकोर बोलतं. आउटपुट चालू आहे का विचारलं तर १ किंवा ० म्हणेल, 'ऑन' म्हणणार नाही. ऐकताना मोकळं आणि बोलताना नेमकं असावं हे तत्त्व ४८८.२ मध्येच आहे. होस्टेलमध्ये आपण नेमकं उलट वागतो.

आणखी एक आकडा ओळखून ठेवा, ९.९ई३७. मल्टिमीटरनं हा दिला तर तो अनंत म्हणतोय, म्हणजे रेंजच्या बाहेर गेलंय. एका प्रॅक्टिकलला मी असं एक रीडिंग बाकीच्या नऊंबरोबर सरासरीत घेतलं होतं. आलेला व्होल्टेज जर्नलमध्ये लिहिला असता तर महावितरणचे लोक मला भेटायला आले असते.

विचारलं की उत्तर ऐकून घ्या

कमांडच्या शेवटी प्रश्नचिन्ह लावलं की तो प्रश्न होतो. 'व्होल्ट?' म्हणजे तुला किती सेट केलंय? 'मेझर:व्होल्ट?' म्हणजे टर्मिनलवर प्रत्यक्ष किती आहे? हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि दोन्ही विचारावेत. प्रश्न विचारून उत्तर न वाचताच पुढची कमांड पाठवली तर उपकरण पहिलं उत्तर फेकून देतं आणि एरर नोंदवतं, -४१०. काहीच न विचारता उत्तराची वाट बघत बसलात तर -४२०. मेसवाल्या मावशींना 'आज भाजी काय?' विचारून उत्तराआधी निघून जाणाऱ्यांनी आणि न विचारताच खिडकीशी उभं राहणाऱ्यांनी हे आकडे लक्षात ठेवावेत.

पण जी कमांड प्रश्न नाही, तिला उत्तरच येत नाही. बरोबर असो की चूक. हाच यातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा आणि इथूनच आमची गोष्ट सुरू होते.

ती संध्याकाळ

आमचा मिनी प्रोजेक्ट दोघींचा. बोर्ड माझ्या पार्टनरचा, प्रोग्राम माझा. तिनं ८०५१ चा बोर्ड स्वतः सोल्डर केला होता, चाळीस पिनांचा बेस, एलसीडी, सगळं. पैसे तिनं दिवाळीच्या सुट्टीत शिकवण्या घेऊन जमवलेले. मी पायथनमध्ये प्रोग्राम लिहिला. पॉवर सप्लायला ५ व्होल्ट सेट करायचे, आउटपुट चालू करायचं आणि व्होल्टेज हळूहळू कमी करत बोर्ड कुठे बंद पडतो ते बघायचं.

मी 'व्होल्ट' हा शब्द आणि ५ हा आकडा प्रोग्राममध्ये जोडले. मध्ये स्पेस टाकायची राहिली. उपकरणाला गेलं ते असं:

व्होल्ट५
आउटपुट ऑन

स्किपीमध्ये शब्दाला चिकटलेला आकडा म्हणजे चॅनेलचा नंबर. आउटपुट२ म्हणजे दुसरं आउटपुट. आकडा नसला तर १ धरतात. म्हणजे मी म्हटलं 'पाच व्होल्ट कर' आणि त्यानं ऐकलं 'पाचव्या चॅनेलचा व्होल्टेज', पुढे काही नाही. आमच्या सप्लायला चॅनेल एकच. त्यानं पहिली ओळ सोडून दिली, नोंद केली आणि दुसरी ओळ इमानदारीत पाळली. दुपारच्या बॅचनं त्यावर १२ व्होल्ट सेट करून ठेवले होते. पाच व्होल्टच्या बोर्डवर बारा व्होल्ट गेले.

आवाज वगैरे काही झाला नाही. फक्त वास आला. मग एलसीडी काळी झाली.

पार्टनर म्हणाली, "शॉर्ट झालं असणार गं, माझं सोल्डरिंग." ती बोर्ड उचलून रूमवर गेली. मी केबल गुंडाळत मागे राहिले. लॅबमधले काका कुलूप घेऊन उभे होते. त्यांनी डिस्प्लेकडे बोट दाखवलं. कोपऱ्यात बारीक अक्षरांत 'एरर' पेटलेलं होतं. म्हणाले, "पोरी, त्याला विचारलंस का काय झालं ते?"

विचारायची कमांड आहे, 'सिस्टम:एरर?'. उपकरण आपल्या चुका एका रांगेत ठेवतं, पहिली आलेली पहिली बाहेर. एकेकदा विचारलं की एकेक सांगतं आणि रांग संपली की म्हणतं ०, एरर नाही. -१०० च्या घरातल्या चुका म्हणजे भाषेच्या, -२०० च्या म्हणजे भाषा बरोबर पण काम अशक्य, -३०० च्या उपकरणाच्या स्वतःच्या, -४०० च्या प्रश्नोत्तरांच्या. मी विचारलं. उत्तर आलं, -११४. हेडरला जोडलेला आकडा मर्यादेबाहेर.

मी ते वाचलं, सप्लाय बंद केला आणि रूमवर गेले. आणि काही बोलले नाही.

दोन रात्री ती मल्टिमीटरचा बझर लावून एकेक जॉइंट तपासत होती. मी समोरच्या कॉटवर पुस्तक धरून बसलेली. प्रत्येक बीपला वाटायचं, आता सांगावं. दुसऱ्या रात्री दीड वाजता ती म्हणाली, "पुढच्या वेळी सोल्डरिंग तू कर. माझा हातच वाईट आहे." तेव्हा मी सांगितलं. स्पेसचं, -११४ चं, सगळं.

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे त्या मशीननं त्याच वेळी सांगितलं. तू दोन दिवस घेतलेस."

पुढचे चार दिवस मेसमध्ये ती दुसऱ्या टेबलवर बसली. नवीन बोर्डचे पैसे मी दिले, सोल्डरिंग तिनंच केलं, कारण तिचा हात खरंच चांगला आहे. सबमिशन आठवडाभर उशिरा गेलं आणि सरांनी दोघींचेही मार्क कापले. तिचे कापायला नको होते. मी सरांना तसं सांगितलं. ते म्हणाले, ग्रुप म्हणजे ग्रुप. आता बोलतो आम्ही. हा लेख तिनं वाचलाय आणि दोन ठिकाणी माझं शुद्धलेखन सुधारलंय.

ज्युनियर्ससाठी

आजोबा 'ध चा मा'ची गोष्ट सांगायचे. १७७३ मध्ये शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. आख्यायिका अशी, की 'धरावे' या हुकुमातल्या 'ध'चा कोणी 'मा' केला आणि 'मारावे' झालं. लहानपणी वाटायचं, गारद्यांनी एकदा उलट विचारायला काय झालं होतं? उपकरणही उलट विचारत नाही. म्हणून आपणच विचारायचं. आमच्या प्रोग्रामची सुरुवात आता अशी असते:

१. '*आयडीएन?' विचारून समोर कोण आहे ते बघा.
२. '*आरएसटी' द्या. आधीच्या बॅचनं काय सेट करून ठेवलंय याचा भरवसा धरू नका.
३. '*सीएलएस' द्या. '*आरएसटी'नं एररची रांग रिकामी होत नाही.
४. व्होल्टेजच्या आधी करंटची मर्यादा आणि ओव्हरव्होल्टेज प्रोटेक्शन सेट करा.
५. व्होल्टेज सेट केल्यावर 'व्होल्ट?' विचारून परत वाचा.
६. 'सिस्टम:एरर?' विचारा. ० येईपर्यंत विचारत राहा.
७. हे सगळं झाल्यावरच 'आउटपुट ऑन'.

यातली दुसरी पायरी पाळली असती तरी बोर्ड वाचला असता. रीसेटनंतर आउटपुट बंद असतं आणि आमच्या सप्लायचा व्होल्टेज शून्यावर येतो. सहावी पाळली असती तरी वाचला असता. सात ओळींना एक सेकंदसुद्धा लागत नाही.

आठवी पायरी कुठल्याही मॅन्युअलमध्ये नाही. एरर वाचल्यावर ती पार्टनरला लगेच सांगा.

— तृतीय वर्ष, अणुविद्युत व दूरसंचार